पानगळीचा खरा पिवळा

प्रिय मुंगे,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, कुणी आजारी नाही, कुणी पडलं-धडपडलेलं नाही. आई फोन सोडून कागद घेऊन बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं तुझ्या मनात येणारच, म्हणून आधीच सांगून टाकते. फोनवर आपण काय बोलतो ते तुलाही माहीत आहे. तुझ्याकडे पाऊस आहे का, आमच्याकडे थंडी पडली का, बाबांचा गुडघा काय म्हणतो. सात मिनिटांत विषय संपतात आणि आठव्या मिनिटाला तू म्हणतेस, बरं आई, ठेवते. मला जे सांगायचं आहे ते सात मिनिटांत मावणारं नाही, आणि मध्येच तू "असू दे गं आई" म्हणालीस की माझं अवसान गळतं. कागदाला असं मध्येच तोडता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच. अक्षर मोठं आणि वेडंवाकडं आहे, कारण चष्म्याचा नवा नंबर अजून मिळायचा आहे. पण तू नऊ वर्षांची असताना तुझं अक्षर मी वाचत होते, त्या मानाने हे मोत्यासारखं आहे.

बातमी अशी की माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पाच आठवडे झाले. तुला कळवलं नाही, बाबांनाही कळवू दिलं नाही. कळलं असतं तर तू रजा टाकून धावत आली असतीस, माझ्या डोळ्यात थेंब घातले असतेस, आणि आपण दोघी पुन्हा हवापाण्याच्या गप्पा मारत बसलो असतो. तुझ्या-माझ्यात तीन वर्षांपूर्वी जे झालं ते तसंच राहिलं असतं, वर तुझे उपकार चढले असते. थेंब बाबांनीच घातले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्यातला पोस्टातला माणूस गेलेला नाही. दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून, हातात रुमाल घेऊन दारात उभे. एकदा मी बाथरूममध्ये होते तर बाहेरून ओरडले, "दोन मिनिटं उशीर झालाय!"

डोळे दाखवायची वेळ कशी आली तेही ऐक. मी लाँड्रीवाल्याशी भांडले. चादरी पिवळ्या करून परत देतो म्हणून गेली दोन वर्षं मी त्याला फैलावर घेत होते. बिचारा दर वेळी म्हणायचा, "ताई, पांढऱ्याशुभ्र आहेत हो." शेवटी एकदा त्याने बाबांना बोलावून चादर दाखवली, आणि बाबा चादरीकडे न बघता माझ्याकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात. डॉक्टरीण तुझ्याच वयाची असेल. तपासता तपासता तिने विचारलं, काय करता? मी ऐटीत सांगितलं, फोटोग्राफर आहे, निसर्गाचे फोटो काढते, पानगळीचे फोटो म्हणजे माझी खासियत. तिने पुढे विचारलं, आणि रंग कोण बघतं? म्हटलं, मीच. तिने हातातली टॉर्च खाली ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही कितीतरी दिवस चहाच्या पाण्यातून बघताय. पाच-सहा वर्षं तरी झाली असतील." ती पुढे लेन्सबद्दल, खर्चाबद्दल, तारखेबद्दल बोलत राहिली. माझं लक्षच नव्हतं. मी खुर्चीत बसल्या बसल्या वर्षं मोजत होते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. घरी आले आणि बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. मुंगे, आपल्या बाथरूमच्या फरशा पांढऱ्या आहेत. मी त्या सायीच्या रंगाच्या समजत होते, आणि त्यावर शोभेल म्हणून सायीच्या रंगाचा पडदा आणला होता. तो पडदा लिंबासारखा पिवळाधमक आहे! आलेल्या प्रत्येक पाहुण्याने तो बघितला असणार. त्याहून मोठा धक्का बाबांच्या स्वेटरचा. तपकिरी लोकर म्हणून मी हौसेने विणलेला तो स्वेटर चक्क जांभळा निघाला. दोन हिवाळे तो माणूस जांभळा स्वेटर घालून बँकेत, बाजारात, सगळीकडे फिरला. मी म्हटलं, अहो, तुम्ही बोलला का नाहीत? तर म्हणाले, "तू इतक्या हौसेने विणलास. आणि रंगाच्या बाबतीत या घरात बोलायची कुणाची छाती आहे?"

हसून म्हणाले ते. मी पण हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले आणि रडले. डॉक्टरीणबाईंनी रडायला मनाई केली होती, तरी रडले. कारण बोलायची छाती या घरात एकाच माणसाने केली होती.

तुला आठवतं का आपण कसं काम करायचो? पहिल्यांदा तुला बरोबर नेलं तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, आणि माझा ट्रायपॉड तुझ्यापेक्षा उंच होता. तरी तो खांद्यावर घेऊन तू पुढे चालायला लागलीस, म्हणून तर तुझं नाव मुंगी पडलं. प्रत्येक ठिकाणचा पहिला फोटो तुझा असायचा. राखाडी पुठ्ठा हनुवटीखाली धरून, नाक गळतंय, डोळे अर्धे मिटलेले, आणि मागे माझी ती सगळी झाडं. मी तुला सांगायचे की राखाडी हा कुणाच्याच बाजूचा नसतो. त्याच्यावरून कॉम्प्युटरला कळतं की आजचा उजेड किती पिवळा होता आणि किती निळा, मग बाकीचे रंग आपोआप आपल्या जागी बसतात. बघितलं तेच दाखवायचं, आपल्याला हवं ते नाही. लोक झाडांना आग लावल्यासारखे फोटो करतात, तसं आपण करायचं नाही. हे सगळं मी तुला शिकवलं. तू ते मनावर घेतलंस. मोठी झालीस तशी फोटो मी काढायचे आणि रंग तू बसवायचीस. छापखान्याच्या कॅलेंडरची शरदातली पानं आपली, हे ठरलेलंच होतं. लोक म्हणायचे, तुमचे फोटो बघितले की सकाळचा गारवा लागतो. ते गार लागणं तुझ्या हातातलं होतं. मी हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. माझ्या मनात होतं, पण ते मनातच राहिलं.

मग माझे फोटो मला मातकट वाटायला लागले. सकाळ पूर्वीसारखी उतरत नाही, पिवळा मेलेला दिसतो, आभाळ धुतलेलं नाही. मी कॅमेरा बदलला. कॉम्प्युटरचा पडदा बदलला. खोलीतला दिवा बदलला. दोष कुठेही असू शकतो, माझ्यात सोडून, असा माझा एकंदर अंदाज होता. तू बसवलेले रंगही मला मातकट दिसायला लागले, आणि तू जेवायला गेलीस की मी तुझ्या खुर्चीत बसून पडद्यावरची रंग कमी-जास्त करायची पट्टी हळूच निळ्याकडे सरकवायचे, रंग थोडे चढवायचे. तू परत येऊन ती जागेवर आणायचीस. त्या शेवटच्या वर्षी मी तुला न विचारता माझे रंग छापखान्यात पाठवले.

तो दिवस मला आठवायचा नाही, पण तो लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. छपाईआधीच्या तपासणीचं प्रूफ निघालं होतं. बागवाल्या मावशींच्या सफरचंदांची बाग, पहाटेचं धुकं, मागे पॉप्लरच्या झाडांची रांग. छापखान्याचे मालक होते, मशीनवरची दोन माणसं होती. तू ते प्रूफ उचलून खिडकीच्या उजेडात नेलंस आणि अगदी हळू म्हणालीस, "आई, धुकं जांभळं झालंय. आपली सकाळ अशी नसते. चल ना, प्रूफ घेऊन बागेत जाऊ या, वीस मिनिटांचा रस्ता आहे, धरून बघू." तू भांडली नव्हतीस. तू फक्त बागेत चल म्हणत होतीस. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मला बाग दाखवू नकोस, चाळीस वर्षं बघतेय. तुला डोळाच नाही. इतकी वर्षं बरोबर फिरलीस, पण डोळा काही आला नाही तुला." मशीनवरच्या एकाने उगाच फडक्याने हात पुसायला सुरुवात केली. तू चहाचा कप विसळून जागेवर ठेवलास आणि निघून गेलीस. तू जायच्या आधी कप विसळलास, हे मला सर्वांत जास्त लागलं, पण ते नंतर. त्या वेळी मी मालकांना म्हणाले, छापा.

कॅलेंडर छापलं गेलं आणि लोकांना आवडलंही. काय भडक छान रंग आहेत म्हणाले, मी फुशारून गेले. फक्त बागवाल्या मावशींनी ते बराच वेळ धरून बघितलं आणि विचारलं, "ही माझीच बाग का? त्या वर्षी मी काही फवारलं होतं का झाडांवर?" मी हसण्यावारी नेलं. दीड महिन्यात तू घर सोडलंस. तिकडे मोठ्या इस्पितळात नावं नोंदवायच्या खिडकीवर लागलीस. एकदा फोनवर मी विचारलं, रंगांचं काही काम करतेस का गं? तू म्हणालीस, "नाही आई, ते मला जमणारं नव्हतंच बहुधा." अगदी सहज म्हणालीस, जसं कुणी पोहणं जमत नाही म्हणतं. त्यावर मी काय बोलले आठवतंय? मी म्हटलं, बरं, जेवणाची आबाळ करू नकोस. ज्या मुलीने नवव्या वर्षापासून रंगांखेरीज दुसरं काही केलं नाही, ती तीन वर्षं लोकांची नावं आणि वयं लिहितेय, आणि तिची आई तिला जेवणाचं सांगतेय. तुझा हात त्या कामावरून उठला तो माझ्या एका वाक्यामुळे, हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त वाक्य खरं होतं अशी माझी समजूत होती. समजूत कसली, आडमुठेपणा. तो आणखी कुठवर गेला होता ते शेवटी लिहिते, आत्ता धीर होत नाही.

कॉम्प्युटरचा पडदा बघायची परवानगी मिळाली त्या दिवशी सकाळी नाश्ता व्हायच्या आत मी कॉम्प्युटर लावला. गेल्या तीन वर्षांची पानगळ उघडली. मुंगे, काय सांगू. धुकं म्हणजे शाईची दौत सांडलेली. पॉप्लरचा पिवळा डोळ्यांत बोट घालणारा. नांगरलेली जमीन वांग्याच्या रंगाची! बाबा मागून डोकावले आणि चहा ठेवून गेले. मग मी त्या वर्षीचं फोल्डर उघडलं. त्यात तू हनुवटीखाली पुठ्ठा धरून उभी होतीस, सत्तावीस वर्षांची घोडी, तरी डोळे तसेच अर्धे मिटलेले. आणि शेजारी तू बसवलेल्या रंगांचं फोल्डर होतं, जे मी त्या दिवसापासून उघडलं नव्हतं. आता उघडलं. तुझ्या फोटोत सकाळ होती. दुसरा शब्द मला सुचत नाही. धुकं धुक्यासारखं होतं, ना निळं ना पांढरं, आणि त्यातून झाडं येत होती.

मी बागेचे दोन्ही फोटो छापून घेतले, एक तुझा, एक माझा, आणि बागेत गेले. म्हटलं, तीन वर्षं उशीर झाला तरी प्रूफ बागेत नेऊन धरायचंच. धुकं मात्र माझी वाट बघत थांबलेलं नव्हतं. चार सकाळी लागोपाठ गेले, चारही दिवस लख्ख ऊन. मावशी म्हणाल्या, "एरवी उन्हासाठी फोटोवाल्यांचा जीव जातो, तुमचं भलतंच." पाचव्या दिवशी धुकं पडलं. मावशींनी कुंपणाच्या तारेला कपड्यांच्या चिमट्यांनी दोन्ही फोटो लावून दिले, आणि मी दहा पावलं मागे जाऊन उभी राहिले. नव्या डोळ्याने बघितलं. तुझा फोटो कुठे संपतो आणि बाग कुठे सुरू होते ते शोधावं लागत होतं. माझा फोटो तारेवर वाळत घातलेल्या फडक्यासारखा दिसत होता.

आता खरं सांगते, तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे दोष डोळ्याचा होता! मी मनातल्या मनात तुला लिहायचं पत्र तयारसुद्धा केलं. "बाई गं, मोतीबिंदूने घात केला, माझा काही इलाज नव्हता." छोटंसं, आटोपशीर पत्र, एका पानाचं. ते तुला गेलं असतं, तू "असू दे गं आई" म्हणाली असतीस, आणि आपण दोघी सुटलो असतो.

पण मावशी म्हणजे चौकस बाई. त्यांनी विचारलं, कुठला डोळा नवा? दुसऱ्याने कसं दिसतं बघा की, मजा. मी मजा म्हणून उजवा डोळा झाकला आणि जुन्या डाव्या डोळ्याने बघितलं. सगळं चहाच्या पाण्यात बुडालं. बाग बुडाली, धुकं बुडालं, दोन्ही फोटो बुडाले. आणि तरीही, मुंगे, तुझा फोटो बागेला लागूनच होता आणि माझा वेगळा पडला होता. अर्थात पडणारच. डोळा दोघांनाही सारखाच पिवळा करत होता, बागेला आणि कागदाला. शेजारी शेजारी धरलं की आंधळ्यालासुद्धा कळावं इतका फरक होता. मी पुन्हा पुन्हा डोळा झाकून बघितलं. उत्तर बदलेना. मावशींना मी समजावून सांगितलं, तर त्या जसं सफरचंद हातात घेऊन हे टिकेल, हे नाही टिकणार म्हणतात, त्याच आवाजात म्हणाल्या, "मग डोळ्याला बोल लावता येत नाही." आणि खोकं उचलून कामाला गेल्या.

मी तिथे एका उलट्या खोक्यावर बसले. बराच वेळ बसले. मोतीबिंदू असतानाही मला कळलं असतं. फक्त वीस मिनिटं चालून बागेत यायला हवं होतं. तू तेच सांगत होतीस, आणि मी तेवढंच नको म्हणत होते. कारण मी बागेकडे बघणं केव्हाच सोडलं होतं. माझ्या डोक्यात माझ्या तिशीतली एक पानगळ होती, आणि खोलीत बसून मी दर वर्षीची पानगळ तिच्या मापाने कापत होते. बघितलं तेच दाखवायचं असं सगळ्या जगाला सांगणारी मी, मीच बघत नव्हते. तुला डोळा नाही म्हणाले, तेव्हा डोळा तुलाच होता आणि मला फक्त नाव होतं. मला माफ कर. हे वाक्य लिहायला मला पाच आठवडे लागले, आणि लिहिल्यावर ते फारच लहान दिसतंय, पण दुसरं माझ्याकडे नाही.

आता थोडं चांगलं सांगते, नाहीतर तू म्हणशील आईने रडगाणंच लावलंय. या वर्षी मी फोटो काढले. एका डोळ्याने, हळूहळू, पण काढले. रंग बसवायला खोलीत बसत नाही. मावशींच्या शेडमध्ये पेट्या रचून टेबल केलंय, दार सताड उघडं ठेवते आणि पडद्यावरून मान उचलून समोर बघते, पुन्हा पडद्याकडे बघते. राखाडी पुठ्ठा धरायला मावशी आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी तो उलटा धरला, मागची कंपनीची जाहिरात पुढे. आता नीट धरतात, पण प्रत्येक वेळी केस सारखे करून, फोटोला उभं राहिल्यासारख्या हसतात. त्यांना किती सांगितलं की हा फोटो टाकून द्यायचा असतो, त्यांना पटत नाही. म्हणतात, मुलीचे टाकून दिलेत का? नाही टाकले. एकही टाकलेला नाही.

आणि एक गंमत कळली ती तुला कळली असणारच. सफरचंदाच्या पानाचा पिवळा नुसता पिवळा नसतोच. शिरेपाशी हिरवा रेंगाळलेला असतो, कडेला तपकिरी सुरू झालेला असतो, आणि खाली पडलेल्या पानांचा तर चिखलच असतो. पानगळीत अर्धा रंग मातकट असतो. मी तीन वर्षं त्या मातकटाशीच भांडत होते. तो होता तसा ठेवला की उरलेला पिवळा आपला आपण उजळतो, त्याला चढवावं लागत नाही. परवा एक फोटो झाला, कापलेल्या शेतातून जाणारी ट्रॅक्टरची ओली चाकोरी आणि टोकाला एकच अक्रोडाचं झाड. त्यात मी जवळजवळ काहीच केलेलं नाही. बाबांना दाखवला. ते आधी घाबरून माझ्या तोंडाकडेच बघत होते. मी म्हटलं, बोला हो, या घरात आता परवानगी आहे. तर म्हणाले, "आभाळ अजून थोडं जास्तच निळं आहे." बघितलं, तर खरंच होतं.

शेवटी लिहिते म्हटलं होतं, ते आता लिहिते. तू घर सोडण्याआधी छापखान्यात रंगतपासणीच्या जागेसाठी अर्ज केला होतास. मला सांगितलं नव्हतंस, बरोबर केलंस. नमुन्याचं काम करून दिलंस आणि वाट बघत बसलीस, मग "जागा भरली" असं दोन ओळींचं पत्र आलं आणि तू बॅग भरलीस. मुंगे, जागा भरली नव्हती. मालकांना तुझं काम आवडलं होतं. पण आईचं मत घ्यावं म्हणून त्यांनी मला फोन केला, आणि मी त्यांना म्हणाले, पोरगी गुणी आहे, पण डोळा नाही, तुमची कॅलेंडरं बिघडतील. त्यांनी माझ्या चाळीस वर्षांवर भरवसा ठेवला. तुझं काम नाकारलं ते तुझ्या कामामुळे नाही, माझ्यामुळे. मालक आणि मी सोडून हे तीन वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या मंगळवारी बाबांना सांगितलं, तर ते सायकल काढून निघून गेले, दोन तासांनी आले आणि म्हणाले, "पत्र लिही, मी स्वतः टाकतो." बुधवारी मी ते दोन फोटो घेऊन छापखान्यात गेले आणि मशीनवरच्या त्या दोघांसमोर, मालकांना सगळं सांगितलं. ती जागा त्यांनी अजून नीट भरलेली नाही, दरवर्षी कुणीतरी येतं आणि जातं. त्यांचं पत्र याच पाकिटात आहे, तुझ्या नावाने बंद केलेलं, मी वाचलेलं नाही. यायचं की नाही ते तू ठरव. माझ्यासाठी येऊ नकोस, आणि आलीस तर माझ्यावर चिडून ये, खुशाल चीड, त्याचा तुला पूर्ण हक्क आहे. पण "ते मला जमणारं नव्हतं" असं मात्र पुन्हा कधी म्हणू नकोस, कारण ते माझं खोटं आहे, तुझं नाही. निघताना मालकांनी सवयीने पुन्हा विचारलं, मग ताई, मुलीबद्दल आता तुमचं मत काय? मी म्हटलं, माझं मत राहू द्या. या वर्षीचे माझे फोटो तिच्या टेबलावर ठेवा, आणि तिचं मत काय पडतं ते मला कळवा.

तुझीच, तुझ्या मताची वाट बघणारी,
आई